पुरवणीचा प्रश्न : फ्लाइट सिम्युलेटर नावाची न संपणारी कृती

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कॉम्प्युटर गेमवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तर आधी देऊन टाकतो.

समीक्षा म्हणजे काय? एखाद्या कृतीसमोर उभं राहून तिच्याविषयी सकारण मत देणं. त्यासाठी ती कृती जागेवर उभी असावी लागते. कादंबरी छापून झाली की लेखक रात्रीतून येऊन तुमच्या कपाटातल्या प्रतीचं सातवं प्रकरण बदलून जात नाही. चित्रपट एकदा पडद्यावर आला की आला. सगळं समीक्षाशास्त्र या एका गृहीतकावर उभं आहे, की कृती पूर्ण झालेली आहे आणि ती तुमच्या-माझ्यासमोर एकच आहे. फ्लाइट सिम्युलेटर हा प्रकार हे गृहीतकच मोडतो. तो पूर्ण होत नाही, माझ्याकडचा आणि तुमच्याकडचा एक नसतो, आणि कालचा आज नसतो. मग त्याची समीक्षा करायची कशी? हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे, म्हणून मी बोलतोय. शिवाय निवृत्तीनंतर मी स्वतः ही उड्डाणं करत आलोय, त्यामुळे अगदी बाहेरून बोलतोय असंही नाही.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात शत्रूला मारायचं नसतं, गुण मिळवायचे नसतात. विमान सुरू करायचं, उडवायचं, उतरवायचं. काही सिम्युलेटरांत लढाऊ विमानं असतात, पण मूळ गंमत उडवण्यातच. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविकने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ॲपल-टू या संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर केला. त्यात जमीन म्हणजे काही रेघा होत्या. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएमच्या पीसीसाठी आणला. तिथपासून २००६ च्या 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स'पर्यंत आवृत्त्या येत गेल्या. २००९ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने तो विभागच बंद केला. २०१२ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट' नावाचा एक प्रयोग झाला, तो काही महिन्यांत आटोपला. मग १८ ऑगस्ट २०२० रोजी फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या असोबो स्टुडिओने केलेला नवा 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' आला, आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच्या पुढचा. याला समांतर ऑस्टिन मायरचा 'एक्स-प्लेन', स्वयंसेवकांनी नव्वदीच्या दशकात सुरू केलेला मुक्त 'फ्लाइटगिअर', आणि लढाऊ विमानांचा 'डीसीएस वर्ल्ड'. इतिहास एवढा पुरे.

आता मुख्य शब्दाकडे येऊ, ॲड-ऑन. मूळ खेळ घ्यायचा, मग त्यात वेगळं विमान घालायचं, वेगळा विमानतळ, वेगळं हवामान. कधी मूळ कंपनीकडून, बरेचदा तिऱ्हाईत मंडळींकडून. कधी फुकट, कधी मूळ खेळापेक्षाही महाग. मी याला 'पुरवणी' म्हणतो. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ रोजच्या वापरात आहेत आणि दोन्ही इथे कामाचे आहेत.

एक, वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी. ती वेगळी काढून दुसऱ्याला देता येते. मुख्य अंक रद्दीत गेला तरी पुरवणी वाचता येते. दुसरी, परीक्षेतली पुरवणी. ती मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधावी लागते. सुटली तर तिच्यात कितीही बरोबर उत्तर असो, परीक्षकाच्या लेखी शून्य. न्याय-वैशेषिकांच्या भाषेत पहिला झाला संयोग. दोन वस्तू एकत्र आल्या, पुन्हा वेगळ्या होऊ शकतात. दुसऱ्याची ओढ समवायाकडे आहे, म्हणजे असा संबंध की एक दुसऱ्यावाचून राहूच शकत नाही. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : सिम्युलेटरच्या पुरवण्या रविवारच्या पुरवणीसारख्या विकल्या जातात आणि असतात मात्र परीक्षेच्या पुरवणीसारख्या. आणि दोरा कुणाच्या हातात आहे, हे घेणाऱ्याला सांगितलं जात नाही.

पण थांबा. ही लूट आहे, एवढं म्हणून आपण मोकळे झालो तर ती समीक्षा होणार नाही. या खेळाची अपूर्णता काही अंशी खरोखर अटळ आहे. ती आधी समजून घेऊ.

कादंबरी जगाबद्दल असते, पण जगाशी तिचा करार नसतो. सिम्युलेटरचा असतो. आणि जग बदलत राहतं. वैमानिकांचे नकाशे, मार्ग, रेडिओच्या वारंवारता ही सगळी माहिती जगभर दर २८ दिवसांनी नवी होते. त्याला एअरॅक चक्र म्हणतात, वर्षाला साधारण तेरा फेऱ्या. धावपट्टीवर जो आकडा लिहिलेला असतो तो होकायंत्राच्या दिशेवरून येतो, आणि पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकतो. त्यामुळे आकडेसुद्धा बदलतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाच्या धावपट्टीचं नाव २००९ मध्ये ०५-२३ चं ०४-२२ झालं. धावपट्टी तीच, डांबर तेच, नाव बदललं, कारण पृथ्वीच्या पोटातलं लोखंड हललं. आता मला सांगा, २००८ साली पूर्ण झालेला सिम्युलेटर २०१० साली पूर्ण राहील का? नाही राहणार. या खेळाच्या बाबतीत 'चालू विकास' ही व्यापाऱ्याची युक्ती असण्याआधी विषयाची गरज आहे.

आणि उलटही बघा. जग बदलतं तेव्हा सिम्युलेटर कधी कधी जुनं जग राखून ठेवतो. शिकागोला मिशिगन सरोवराच्या काठी मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. मायक्रोसॉफ्टच्या खेळात बरीच वर्षं सुरुवातच तिथून व्हायची. जगभरातल्या लाखो लोकांनी आयुष्यातलं पहिलं 'उड्डाण' तिथून केलं, बहुतेकांनी शिकागो न पाहता. ३० मार्च २००३ च्या रात्री तिथल्या महापौरांच्या, रिचर्ड डेलींच्या हुकुमाने बुलडोझर आले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या गेल्या. आज तिथे उद्यान आहे. पण २०२२ च्या नोव्हेंबरात खेळाला चाळीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने जे मोफत अपडेट आलं, त्यात मेग्ज फील्ड परत दिलं. ही पुरवणी मला या सगळ्या प्रकारातली उत्तम गोष्ट वाटते. जी जागा जगातून गेली ती इथे आहे. इथे सिम्युलेटर नकाशा राहत नाही, बखर होतो.

तर अपूर्णता दोन प्रकारची. एक, जग चालतं म्हणून कृती चालते. दुसरी, कृती अपुरी ठेवली म्हणजे उरलेलं विकता येतं. दोन्हींना बाजारात एकच नाव आहे, अपडेट. समीक्षकाचं काम त्या वेगळ्या करणं. त्यासाठी मी तीन कसोट्या मांडतो. पहिली : पुरवण्या काढून घेतल्या तर जे उरतं ते स्वतःच्या पायावर उभं राहतं का? दुसरी : बाहेरच्या माणसाला आत येऊन भर घालायला दार उघडं आहे का? तिसरी : करणारा निघून गेला तर वापरणाऱ्याच्या हाती काय राहतं?

पहिली कसोटी २०२० च्या खेळाला लावू. तो तीन प्रतवाऱ्यांत विकला गेला. साधी ६० डॉलरची, त्यात २० विमानं आणि हाताने घडवलेले ३० विमानतळ. मधली ९० ची, २५ आणि ३५. वरची १२० ची, ३० आणि ४०. या आकड्यांत एक गंमत आहे. विमानतळ एकूण ३७ हजार होते. म्हणजे ३७ हजारांतले चाळीसच हाताने घडवलेले, बाकी यंत्राने उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाजाने उभे केलेले. मधल्या आणि वरच्या प्रतींत जे दहा विमानतळ जास्तीचे मिळत, ते कुठले? ॲमस्टरडॅम, माद्रिद, कैरो, केप टाउन, शिकागो. मग हीथ्रो, फ्रँकफर्ट, दुबई, डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को. या दहांत भारतातला एकही नाही. मी तक्रार करत नाहीये, हे लक्षण म्हणून सांगतोय. यंत्र सगळ्या पृथ्वीकडे सारख्या नजरेने बघतं. माणसाचा हात कुठे फिरवायचा हे बाजार ठरवतो.

पुढे देशवार 'वर्ल्ड अपडेट' येत गेले, आणि ते फुकट, हे मोठेपणाने मान्य केलं पाहिजे. आधी जपान, मग अमेरिका, ब्रिटन-आयर्लंड, फ्रान्स आणि शेजारी, उत्तर युरोप, जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया, स्पेन-पोर्तुगाल, इटली. पहिली नऊ झाली. त्यांत आशियातला जपान सोडून कुणी नाही, आफ्रिका नाही, दक्षिण अमेरिका नाही. जग पूर्ण करण्याचा क्रम जगाचा नाही, गिऱ्हाइकांचा आहे. जाहिरात 'सगळी पृथ्वी' अशी आहे, म्हणून हे बोलणं भाग आहे. शंभर गावांचा नकाशा विकणाऱ्याला आपण एकशे एकावं गाव का नाही, असं विचारत नाही. पृथ्वी विकणाऱ्याला विचारावं लागतं.

तरी पहिल्या कसोटीवर हा खेळ उत्तीर्णच करावा लागेल. एकही पुरवणी न घेता साध्या प्रतीत पृथ्वीवर कुठेही जाता येतं, ढग खरे वाटतात, पावसाळी उजेड खरा वाटतो. यंत्राच्या अंदाजाच्या गमती होतात, त्या होणारच. सुरुवातीला लंडनचा बकिंगहॅम पॅलेस एखाद्या कचेरीच्या इमारतीसारखा दिसत होता. आणि मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात २१२ मजल्यांचा सुळका उभा होता! (हशा) त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला मुक्त नकाशा. त्यात कुणीतरी दोन मजली घराची नोंद करताना २ च्या जागी २१२ लिहिलं. नकाशात ती चूक पुढे दुरुस्तही झाली, पण खेळाने आधीची माहिती उचलली होती. यंत्राने विचारलं नाही की बाबा, बाजूला सगळी बैठी घरं, मध्येच हा मनोरा कसा? प्रत्यक्षाशी ताडून न बघता शब्दावर विश्वास ठेवला की काय होतं, याचं प्रमाणशास्त्राच्या वर्गात सांगावं असं उदाहरण आहे. आणि लोकांना तो सुळका इतका आवडला, की मुद्दाम तो बघायला विमानं घेऊन जायचे.

याच्या उलट डीसीएस वर्ल्ड. मूळ खेळ फुकट, त्यात दोन विमानं मिळतात. बाकी प्रत्येक विमान वेगळं विकत. इथे पहिल्या कसोटीला फारसा अर्थच नाही, कारण मूळ म्हणजे ओटा आहे, दुकान पुरवण्यांचं. ते ते उघडपणे सांगतात, त्यामुळे त्यात फसवणूक नाही. त्यांच्यावर मी तिसऱ्या कसोटीत बोलेन.

दुसरी कसोटी, दाराची. इथे २०१२ चा 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट' मुद्दाम आठवावा. मूळ खेळ फुकट, हवाई बेटांचा काही भाग, पुढचं विकत. नंतर अलास्का. पण बाहेरच्या माणसाला त्यात काही घालायची सोय ठेवली नाही. पुरवण्या फक्त कंपनीच्या. काही महिन्यांत विकास थांबला. त्याआधीच्या 'एक्स'कडे बघा. करणारा विभाग २००९ साली बंद पडला, तरी तो खेळ पुढे दहा वर्षं माणसांनी गजबजलेला राहिला. का? कारण दार उघडं होतं. लोक विमानं करत राहिले, विमानतळ करत राहिले. धन्याने घर सोडलं, भाडेकऱ्यांनी राखलं.

२०२० च्या मंडळींनी हा धडा नीट घेतलेला दिसतो. फ्लायबायवायर नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने खेळातल्या एअरबस ए-३२० निओवर काम करून ते कितीतरी अचूक केलं आणि फुकट, उघड्या कोडसह दिलं. वर्किंग टायटल नावाच्या गटाने छोट्या जेटची उपकरणं सुधारली, तर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांनाच सोबत घेतलं. इथे मी मोकळेपणाने शाबासकी देतो. पण सोबत एक प्रश्नही ठेवतो. बाहेरच्या माणसाने हौसेने केलेल्या कामामुळे कुणाच्या मालाची किंमत वाढते? वारीत फुकट अन्न वाटणारा माणूस कुणाचं हॉटेल चालवत नसतो. इथे हौस आणि धंदा एकाच ताटात आहेत. त्यात पाप आहे असं मी म्हणत नाही, पण हिशेब मांडायला हवा. उद्या मूळ खेळाचं अपडेट आलं आणि त्या फुकट विमानाचं काही बिघडलं, तर रात्र जागवून दुरुस्त कोण करतं? तोच स्वयंसेवक.

उघड्या दाराला राखणही लागते, नाहीतर विश्वास आत-बाहेर कसा होणार? २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लाइट सिम लॅब्स या कंपनीच्या एअरबस पुरवणीच्या इन्स्टॉलरमध्ये एक फाइल सापडली, जी क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून घेऊ शकत होती. चोरीची प्रत वापरणाऱ्यांना पकडण्यासाठी ती होती, असा कंपनीचा खुलासा. पुढे ती काढून टाकली. पण विचार करा, प्रामाणिकपणे पैसे भरलेल्या प्रत्येकाच्या संगणकावर ती फाइल गेली होती. चोर पकडायचा म्हणून सोसायटीतल्या प्रत्येक घराची दुसरी किल्ली करून ठेवण्यासारखं आहे हे. आपण पुरवणी घेतो म्हणजे एक विमान घेतो असं समजतो. प्रत्यक्षात आपण एका अनोळखी माणसाला घरात घेतो.

आता तिसरी कसोटी. माझ्या मते हीच निर्णायक.

नव्य न्यायात स्वत्वाची, म्हणजे मालकीची, मोठी चर्चा आहे. एक व्याख्या अशी, की जी वस्तू यथेष्ट, म्हणजे आपल्या इच्छेप्रमाणे, वापरण्याची योग्यता आपल्याकडे आहे ती आपली. सोळाव्या शतकातल्या रघुनाथ शिरोमणींना ही व्याख्या पुरेशी वाटली नाही. त्यांनी स्वत्व हा वेगळा पदार्थच मानला. आपण तेवढं खोल नको जाऊ. पहिली, सोपी व्याख्याच घेऊ. विकत घेतलेली पुरवणी मी इच्छेप्रमाणे वापरू शकतो का? मला वाटलं, गेल्या वर्षीच्या खेळात ती चांगली चालत होती, मी तीच ठेवतो, नवं काही नको, तर ठेवू शकतो का?

'एक्स'मध्ये ठेवू शकत होतो. डिस्क माझ्या कपाटात. आजही कुणी जुन्या संगणकावर ती चालवत असेल. 'एक्स-प्लेन'ची जुनी आवृत्तीही जपून ठेवता येते. २०२० च्या खेळात मात्र अपडेट सक्तीचं. घेतल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. २०२१ च्या जुलैअखेर पाचवं मोठं सिम अपडेट आलं, त्याच दिवशी खेळ एक्सबॉक्सवरही आला. त्या अपडेटने खेळ पुष्कळ वेगवान झाला, हे खरं. पण दूरची झाडं-घरं जवळ गेल्यावर एकदम उगवू लागली, अशी तक्रार पीसीवाल्यांनी केली. पुढे काही सुधारलं. मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की ज्याला आधीचंच बरं वाटत होतं त्याला मागे जाण्याची वाटच नव्हती.

इथे मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं. महाभारतही वाढत गेलेली कृती. जय, मग भारत, मग महाभारत अशी परंपराच सांगते. पुरवण्यांवर पुरवण्या. तरी विद्वानांना कुठला थर मागाहूनचा, याचा विचार करता आला, कारण जुन्या पोथ्या शिल्लक होत्या. काश्मिरातली वेगळी, केरळातली वेगळी. नवी प्रत लिहिली म्हणून जुनी जळली नाही. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, पुढे कुणी भर घालू नये अशी ताकीद दिली. तेही शक्य झालं ते हाताशी जुन्या प्रती होत्या म्हणून. आता सांगा, १८ ऑगस्ट २०२० च्या सकाळी लोकांनी जो खेळ पाहिला, तो आज जसाच्या तसा कुणाला दाखवता येईल का? तो सुळकेवाला मेलबर्न? ध्वनिफिती आहेत, चित्रफिती आहेत, खेळ नाही. वाढणारी कृती हा दोष नाही. मागचा थर पुसत वाढणारी कृती हा दोष आहे. तिची समीक्षा होऊ शकत नाही, इतिहासही होऊ शकत नाही, फक्त आजची जाहिरात होऊ शकते.

२०२४ च्या आवृत्तीने एक पाऊल आणखी पुढे टाकलं. २०२० मध्ये दोन पेटाबाइटहून जास्त माहिती सर्व्हरवर होती आणि जमीन तिथून यायची. पण विमानं तरी तुमच्याकडे असायची. २०२४ मध्ये विमानंसुद्धा मोठ्या प्रमाणात जाळ्यावरून येऊ लागली. फायदा उघड आहे, संगणकावर जागा कमी लागते. तोटा पहिल्याच दिवशी दिसला. सर्व्हरवर इतका ताण आला, की कित्येकांना खेळ सुरूच करता येईना, आणि सुरू झाला त्यांना काही विमानं सापडेनात. हे पहिल्या दिवसाचं दुखणं होतं, पुढे आवरलं. पण पहिल्या दिवशी जे दिसलं ते शेवटच्या दिवसाचं चित्र आहे, असं मी म्हणेन. ज्या दिवशी हे सर्व्हर कायमचे बंद होतील, त्या दिवशी पैसे भरलेल्या माणसाच्या हाती काय राहील? २०२० चा खेळ वर्षानुवर्षं वाढत राहणार असं सांगितलं गेलं होतं. चार वर्षांनी वेगळा खेळ विकायला आला. जुन्या बहुतेक पुरवण्या नव्यात चालतील असं आश्वासन होतं. पुष्कळ चाललं, पुष्कळांवर करणाऱ्यांना पुन्हा मेहनत घ्यावी लागली.

आणि डीसीएस. तिथे एफ-१५ई हे विमान रॅझबॅम या तिऱ्हाईत कंपनीने केलं, २०२३ मध्ये ते 'अर्ली ॲक्सेस'मध्ये, म्हणजे अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आलं. घेणाऱ्यांनी पुढच्या कामाच्या भरवशावर पैसे दिले. २०२४ च्या एप्रिलमध्ये रॅझबॅम आणि मूळ खेळाची कंपनी ईगल डायनॅमिक्स यांच्यातला पैशांचा वाद चव्हाट्यावर आला आणि रॅझबॅमने काम थांबवल्याचं सांगितलं. कोण बरोबर, यात मला पडायचं नाही. माझा प्रश्न गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. त्याने काय विकत घेतलं होतं? वस्तू? ती अपुरी होती. वचन? ते कुणाचं होतं, करणाऱ्याचं की विकणाऱ्याचं? बिल्डर आणि जमीनमालक भांडले की अडकतो तो फ्लॅट बुक केलेला माणूस. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक रथ आहे का? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? नागसेनाचं म्हणणं, भागांच्या आधाराने आपण रथ हे नाव देतो, एवढंच. नैयायिक म्हणतात, नाही, अवयवांहून वेगळा अवयवी खरोखर असतो. मला वाटतं पूर्वीचा सिम्युलेटर नैयायिकांचा होता. डिस्कवर एक अवयवी होता, पुरवण्या त्याला जोडत. आजचा नागसेनाचा आहे. जमीन एका सर्व्हरवरून, हवामान दुसरीकडून, विमान तिसऱ्याचं, आणि व्हॅटसिमसारख्या जाळ्यावर आवाज असतो हजारो मैलांवरच्या हौशी हवाई नियंत्रकाचा. भाग बाजूला केले तर मध्ये खेळ नाही. बौद्ध विचारात हे कळणं मुक्तीकडे नेतं. ग्राहक म्हणून हे कळलं, तर निदान पाकीट उघडण्याआधी माणूस थांबतो.

माझा निवाडा असा. २०२० चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ही आपल्या काळातली थोर लोकप्रिय कृती आहे, दोन कसोट्यांवर ती चांगली उतरते, तिसरीवर नापास होते. २०२४ चा तिसरीवर अधिकच नापास. 'एक्स-प्लेन' दिसायला साधा, पण स्वतःचं घर राखून. पंखाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावरचं बळ मोजायची त्याची पद्धतही विचाराने सरळ. आणि फ्लाइटगिअर तिसऱ्या कसोटीवर पैकीच्या पैकी, कारण त्याचं कोड सगळ्यांचं आहे. उद्या करणारे सगळे पांगले तरी तो कुणाच्याही हाती उरेल.

दोन प्रश्न लिहून आलेत, ते घेतो.

प्रश्न : फ्लाइटगिअर इतका चांगला आणि फुकट आहे, तर सगळे तोच का वापरत नाहीत?

उत्तर : मी चांगला म्हटलं ते एका कसोटीपुरतं. सगळ्या पृथ्वीची उपग्रह-चित्रं, त्यावरून घरं उभी करणारं यंत्र, हे स्वयंसेवकांच्या खिशाला झेपणारं काम नाही. सौंदर्याला खर्च येतो आणि तो मोठी कंपनी करू शकते. म्हणून तर मला कंपन्यांनी हे करू नये असं म्हणायचं नाही. सर्व्हर बंद करायची वेळ आली, तर निदान जेवढं एका संगणकात मावतं तेवढं घेणाऱ्याला कायमचं देऊन जा, एवढंच म्हणायचंय. हे विकतानाच लिहून द्यावं.

प्रश्न : माझा मुलगा दर महिन्याला काही ना काही ॲड-ऑन घेतो. त्याला थांबवू का?

उत्तर : थांबवू नका, एक प्रश्न विचारा त्याला. गेल्या महिन्यात घेतलेल्या विमानाचं इंजिन सगळ्या पायऱ्यांनी, कागद न बघता सुरू करता येतं का? येत असेल तर पैसे सत्कारणी लागलेत, तो शिकतोय. येत नसेल तर तो विमानं उडवत नाहीये, जमवतोय. जमवणाऱ्याला कुठलीच पुरवणी पुरत नाही, आणि हा सगळा बाजार त्याच्याच भरवशावर चालतो. पुढचं विमान घेण्याआधी विक्रेत्याचं जुनं काम बघायला सांगा. आधीच्या विमानाचं अपडेट त्यांनी शेवटचं कधी दिलं? ती तारीख जाहिरातीपेक्षा जास्त सांगते.

वेळ संपत आलीय. इथे थांबतो.